पहिल्या नंबरचं गाणं

अप्पा, म्हणजे माझे वडील, दर बुधवारी संध्याकाळी रेडिओसमोर वही घेऊन बसायचे. त्या आठवड्याची लोकप्रिय गाणी सोळाव्या नंबरापासून पहिल्यापर्यंत लागायची आणि अप्पा ती क्रमाने उतरवून घ्यायचे. कुठलं गाणं किती आठवडे पहिलं राहिलं, हे त्यांना आमच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं ठाऊक असे.

तो कार्यक्रम बंद पडून कितीतरी वर्षं झाली. अप्पांना आता ऐकूही येत नाही. तरी काल ते बंद रेडिओसमोर बसून लिहीत होते. मी मागून डोकावले. सगळी जुनी, ओळखीची गाणी होती, एक सोडून. ते मी कधीच ऐकलेलं नाही. मागची पानं चाळली, तर दर बुधवारी ते एकेक पायरी वर चढत आलेलं. काल ते दुसरं होतं.

आवडतं गाणं वर चढलं की आम्ही मुलं केवढी खूश व्हायचो. मोजणी मात्र शेवटाकडेच चाललेली असायची, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

"पुढच्या बुधवारी हे पहिलं येतंय," अप्पा म्हणाले.

मी हातानेच विचारलं, मग?

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग काय. पहिलं वाजलं की कार्यक्रम संपतो."