पिल्लाच्या नावावर

पिल्लू आमच्या घरात आलं ते ओकतच आलं.

माझी नणंद इंदापूरला असते. तिच्या कुत्रीला पिल्लं झाली होती, आणि बहिणीला भेटायला गेलेला माझा नवरा परत येताना त्यातलं एक डाळिंबाच्या खोक्यात घालून घेऊन आला. गाडीचं दार उघडलं तसा आंबट भपकारा नाकात शिरला. खोका, सीट, नवऱ्याचा शर्ट, सगळं भरलेलं. "अगं, गाडी लागली असेल त्याला," असं कौतुकानं म्हणत नवऱ्यानं तो ओला, गिळगिळीत जीव माझ्यापुढं धरला. मी हात मागे घेतले.

मला किळस चटकन येते. साबणाच्या वडीला चिकटलेला केस किंवा बेसिनच्या जाळीत अडकलेली भाताची शितं एवढंही मला पुरतं. घरच्यांना त्याची सवय आहे. म्हणूनच नवऱ्यानं आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर मिळेल हे त्याला ठाऊक होतं. "तात्यांना सोबत होईल," एवढंच तो म्हणाला.

तात्या म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर ते सांगवीची शेती वाट्यानं देऊन बारामतीजवळ जळोचीला आमच्याकडे राहायला आले. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. त्यांचं धोतर त्यांनी कधी कुणाला धुवू दिलं नाही. इतका स्वच्छ म्हातारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि खरं सांगायचं तर ते राहायला आले तेव्हा मी कुरकुर केली नाही त्याचं कारणही तेच होतं.

"कुत्रं आन् घरात?" तात्या खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "आमच्या वस्तीवर काय कुत्री न्हवती व्हय? एकाचा पाय उंबऱ्याच्या आत पडला न्हाय कधी. हे काय आक्रीत मांडलंय तुमी?"

निदान एक माणूस माझ्या बाजूचा आहे म्हणून मला बरं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी अनवाणी हॉलमध्ये आले आणि पाय घसरला. कोमट होतं, मऊ होतं, आणि बोटांच्या बेचक्यांत शिरलं होतं. एका पायावर लंगडत बाथरूम गाठली, आधी साबण, मग डेटॉल, मग पुन्हा साबण. कॉलेजात फळ्यापुढं उभी राहून गणित शिकवतानाही चपलेत तो ओलावा मला जाणवत होता.

मग ते रोजचंच झालं. सोफ्याखाली, कपाटाच्या मागे, पायपुसण्यावर तर हमखास. पायपुसण्याच्या दशांत अडकलेलं काढायचं कसं, हे ज्याला करावं लागलं त्यालाच माहीत. मी शेवटी पायपुसणीच उचलून टाकली. एकदा ते स्वतःचंच खाताना मला दिसलं, चवीनं, शेपूट हलवत. खाऊन झाल्यावर ते धावत गेलं आणि त्यानं नवऱ्याची हनुवटी चाटली. मी ओरडेपर्यंत चाटून झालंही होतं. त्या संध्याकाळी मी नवऱ्याचा चहाचा कप लांबूनच सरकवला.

जंतांचा दिवस सगळ्यात वाईट. वर्तमानपत्रानं मी त्याची घाण उचलत होते, आणि त्यात पांढरे लांब धागे होते, शिजलेल्या शेवयांसारखे. त्यातला एक हलला. मी कागद तिथंच टाकला, मागच्या अंगणात गेले आणि तुळशीच्या कुंडीशेजारी ओकले. त्यानंतर आमच्याकडे शेवयांची खीर झालेली नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं आणि शिस्तही सांगितली. खाल्लं की बाहेर न्यायचं, झोपून उठलं की बाहेर न्यायचं, वास घेत गोल गोल फिरायला लागलं की तसंच उचलायचं, आणि बाहेर केलं की तोंडभरून कौतुक करायचं. मारायचं नाही. आमच्या घरामागं लगेच ऊस आहे. त्याच्या बांधावर माझा नवरा, चांगला ऑफिसात साहेब म्हणवून घेणारा माणूस, पिल्लू बसलं की टाळ्या वाजवायचा. "शाब्बास! शाब्बास माझ्या वाघा!" शेजारीण गच्चीवर कपडे वाळत घालता घालता थांबून बघायची. मी खिडकी लावून घ्यायचे.

पण उपाय लागू पडला, ते नाकारत नाही. पिल्लू दारापाशी जाऊन कुंईकुंई करायला शिकलं. हॉल सुटला, स्वयंपाकघर सुटलं. राहिली एकच जागा. तात्यांच्या खोलीपासून बाथरूमकडे जाणारा पॅसेज. तिथं दुपारी कॉलेजातून आले की थारोळं ठरलेलं.

याच सुमाराला तात्या फितूर झाले. मी पिल्लावर डाफरले की ते खोलीतून म्हणायचे, "आगं, ल्हान हाय. शिकंल हळूहळू. वरडू नगं त्येला." स्वतःच्या ताटातला भाकरीचा तुकडा त्याला टाकायला लागले. उंबऱ्याच्या आत पाय न पडू देणारे तात्या! मी समजले, म्हातारपणी माणूस मऊ होतो. त्यांचं धोतर हल्ली दुपारीही दोरीवर दिसायचं. विचारलं तर म्हणाले, "उकडतंय लई."

एक गोष्ट माझ्या नाकाला आधीच कळली होती. पिल्लाच्या मुताचा वास उग्र असतो, नाकात झिणझिणतो. पॅसेजमधला वास तसा नव्हता. जुनाट होता, गोळ्या खाणाऱ्या माणसाच्या खोलीला असतो तसा. पण असल्या वासाचा विचार कोण करत बसतं? मी श्वास रोखायचे, फिनेल ओतायचे, पुसायचे आणि हात धुवायला पळायचे.

एका दुपारी मी घरी आले तेव्हा पॅसेजमध्ये पुन्हा तेच. ताजं होतं. थारोळ्याच्या कडेपासून तात्यांच्या दारापर्यंत ओल्या पावलांचे ठसे गेले होते. पाच बोटांचे.

खोलीतून आवाज आला. "केलं बघ परत त्या लबाडानं. मी हाड् म्हनालो, तर पळालं भायेर."

मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिले. पिल्लाला इंजेक्शन द्यायला नवरा रजा टाकून तासाभरापूर्वीच घेऊन गेला होता. दवाखान्यात गर्दी आहे, उशीर होईल, असा त्याचा फोन मला नुकताच येऊन गेला होता. तात्या जेवून झोपलेले असताना ते दोघं गेले, त्यामुळं पिल्लू घरात नाही हे तात्यांना माहीतच नव्हतं.

दाराच्या फटीतून ते दिसत होते. भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"येऊ दे आता आत," मी म्हणाले, "बघतेच त्याच्याकडं."

"नगं, नगं. मारू नगं," ते घाईनं म्हणाले.

मी पोछा आणला. पिल्लाचं पुसताना मला राग यायचा आणि त्या रागात हात भराभर चालायचा. इथं राग येईना. नुसती किळस उरली. मोठ्या माणसाचं, ओळखीच्या माणसाचं, ज्यांच्या मी सणासुदीला पाया पडते त्यांचं. ते ठसे पुसताना तर माझ्या अंगावर काटाच आला. मला दया यायला हवी होती, आणि ती आलीही, पण नंतर, हात तीनतीनदा धुऊन झाल्यावर. नवरा यायच्या आत मी सगळी फरशी कोरडी केली.

संध्याकाळी तात्या व्हरांड्यात बसले होते. पिल्लू त्यांच्या पायाशी झोपलं होतं. नवरा दूध आणायला गेला होता. मी खुर्ची ओढून बसले.

"तात्या, या पिल्लाचं काहीतरी बघायला हवं. सारखं त्याच जागी होतंय. काहीतरी दुखणं असेल."

ते पिल्लाकडे बघत राहिले. "दुखणं?"

"हो. आत सूज असते, त्यामुळं धरवत नाही. औषधानं थांबतं म्हणे."

"गोळीनं थांबतं व्हय?"

"थांबतं. पण दाखवायला तर पाहिजे."

ते खुर्चीतून खाली वाकले. मग पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "त्येला आधी कळतच नसंल गं. उठून जाईस्तोवर झालेलंच आसतंय. आन् मग लाज वाटत आसंल."

"लाज कसली त्यात? दुखणं आहे."

"तुला सोपं हाय म्हनायला," ते म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "दवाखान्यात जायचंच आसंल, तर माजं बी दाखवून टाकू. गुडघ्याचं."

गुडघ्याचंच दाखवायला म्हणून मी त्यांना बारामतीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. "तू बस भायेर," ते म्हणाले आणि एकटे आत गेले. मी बाकावर बसले. आत बराच वेळ लागला. नंतर डॉक्टरांनी मला बोलावलं. प्रोस्टेट खूप वाढलेलं होतं. मूत्राशय नीट रिकामं होत नव्हतं म्हणून ते असं गळायचं. आणखी उशीर केला असता तर किडनीवर गेलं असतं. गोळ्यांनी पुरेसा गुण येईना, तेव्हा ऑपरेशन करावं लागलं. नवऱ्याला मी फक्त तब्येतीचं सांगितलं, फरशीचं काही सांगितलं नाही. आजवर नाही.

ऑपरेशननंतर तात्या घरी आले ते लघवीची नळी आणि पिशवी घेऊन. नवरा ऑफिसला गेला की पिशवी रिकामी करायचं काम माझ्याकडे. आत लालसर, गढूळ, वर फेस. खालची चिमटी उघडून ते बादलीत सोडायचं, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, हातमोज्यावर शिंतोडे बघायचे. लोक म्हणतात, करता करता सवय होते, किळस मरते. माझी मेली नाही. मी तोंडाला ओढणी बांधून, मान फिरवून ते करायचे आणि मग मोरीत उभी राहून उमासा जिरेपर्यंत थांबायचे.

एकदा ओढणी सुटली. बांधायला हात मोकळे नव्हते. तात्या उशीला टेकून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तुला घाण वाटत आसंल," ते म्हणाले.

नाही म्हणणं तोंडावर आलं होतं. शिंतोडा मनगटावर उडाला आणि मी म्हणून गेले, "वाटते, तात्या. फार वाटते."

मला वाटलं, ते दुखावतील. त्यांनी डोळे मिटले, आणि पोटावर हात दाबून, टाके दुखू नयेत म्हणून हळूहळू हसायला लागले.

"मला बी," ते म्हणाले. "लई."

मी चिमटी लावली आणि बादली उचलून बाथरूमकडे निघाले.