सत्ताविसावी खेळी

बायंडर मुळातच मुखदुर्बळ. चाळीस वर्षं पुस्तकांच्या पाठी शिवल्या, दाबयंत्राचा स्क्रू पिळला, पण कुणाला चार शब्द सुनावणं त्याला कधी जमलं नाही. रविवारी थोरल्या भावाकडे, दादांकडे, बुद्धिबळाचा डाव टाकायचा एवढीच त्याची चैन.

दादांची सगळी मोहरी गेली, एकटा राजा उरला, तरी ते हार मानत नसत. समोर बायंडरचा राजा आणि हत्ती असायचा. पण पन्नास खेळ्यांत मात झाली नाही तर डाव बरोबरीत, असा नियम. दादा मोठ्यानं खेळ्या मोजायचे. बायंडर हत्तीनं शहावर शह देत सुटायचा आणि दादांचा राजा शतपावलीला निघाल्यासारखा पटभर हिंडायचा.

"पन्नास! अरे, हत्ती आहे तुझ्याकडे, पण माहूत कुठाय?"

आतून वहिनी हसायच्या. वर्षानुवर्षं हेच.

मग दादांची फुप्फुसं थकली. नाकात नळी आली, उशाशी गुरगुरणारं यंत्र आलं. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन फार तर उन्हाळ्यापर्यंत असं सांगितलं. दादा जाण्याआधी एकदा तरी त्यांच्यावर मात करायची, असं बायंडरच्या मनानं घेतलं. शाळेत गणित शिकवणाऱ्या सुनेपुढे तो पट घेऊन बसला.

"बाबा, सारखा शह कशाला देताय?"

"मग काय करू?"

"हत्ती एका रेघेवर उभा करा, राजाला ती ओलांडता येत नाही. मग तुमचा राजा जवळ न्या. तो बघा, घरीच लोळत पडलाय! आणि समोरचा कोपऱ्यात अडकला, की घाई नको. हत्ती त्याच रेघेवर नुसता एक घर सरकवा. त्याला हलावंच लागेल."

ही नुसतं सरकण्याची खेळी काही त्याच्या हातात बसेना. कोपरा दिसला की बोटं शह द्यायला धावायची. पंधरा दिवस गेले तेव्हा कुठे बसली.

रविवारी पट दादांच्या पलंगावर मांडला. पुन्हा तेच उरलं: इकडे राजा-हत्ती, तिकडे एकटा राजा. दादा धापा टाकत मोजू लागले. दहा झाले, वीस झाले. शह येत नाही म्हणून त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं. राजा कोपऱ्यात गेला. बायंडरनं हत्ती एक घर सरकवला.

"सव्वीस," दादा म्हणाले, आणि मग बराच वेळ पटाकडे बघत राहिले. हलायला एकच घर होतं. त्यांनी राजा तिथे नेला. हत्ती शेवटच्या रेघेवर आला. मात.

सत्तावीस कुणी म्हटलंच नाही.

"कुणी शिकवलं?"

"सुनेनं."

"चांगलं शिकवलंय."

वहिनी दारात आल्या. "अहो, मोजणं का थांबलं?"



पुढच्या रविवारी बायंडरनं मोहरी मांडली, तर दादा म्हणाले, "आज नको रे."

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

"दादा, ते आपलं चुकून झालं त्या दिवशी."

"खोटं बोलायचंही शीक सुनेकडून," दादा म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

त्यानंतरही बायंडर दर रविवारी जाई. पट पिशवीतच असे. पलंगाशी बसून तो यंत्राची गुरगुर मनात मोजायचा. पन्नास झाले, की पुन्हा एकपासून.