जानकीला न येणारं गाणं

शाळेत मधली सुट्टी चालू होती. शिपाई सांगत आला, बाई, तुमचा फोन. पलीकडे जानकीचा नवरा, किसन होता. "बाई, जानकी गेली," एवढंच तो म्हणाला आणि मग नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. कॅन्सरनं आता फार दिवस ठेवलेले नाहीत, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं... ठाऊक असण्याचा काही उपयोग झाला नाही.

जानकी माझ्याबरोबर त्याच शाळेत शिकवायची. अकलोलीजवळच्या पाड्यावरची वारली मुलगी. लहानपणीच आश्रमशाळेत गेली, शिकली, नोकरीला लागली, भिवंडीच्या नारपोलीत एका लूमच्या कारखान्यावरच्या खोल्यांत संसार थाटला. किसन राहनाळच्या गोदामात कामाला. तिच्या बोलण्यात पाडा कधी यायचा नाही. कुणी विचारलंच, तर हसून विषय बदलायची.

दोन हजार पाचच्या आसपास भिवंडीत एक नाटक आलं. वारल्यांच्या इतिहासावरचं, पाड्यांवरच्या तरुण मंडळींनीच बसवलेलं. मी आग्रह केला म्हणून ती आली. सुरुवातीला वेठबिगारीचे प्रवेश होते. सावकाराच्या खळ्यावर फुकट राबणारी माणसं, झाडाला बांधून मारलेला एक म्हातारा. जानकी ताठ बसून बघत होती. माझ्या आज्यालाही असंच बांधलं होतं, हे तिनं मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. मग लग्नाचा प्रवेश आला. धवलेरी, म्हणजे वारल्यांत गाणी म्हणत लग्न लावणारी सवाष्ण, रंगमंचावर गाऊ लागली. अंधारात जानकीचे ओठ हलले... आणि थांबले.

"पुढचं येत नाही मला," ती म्हणाली. "माझी आई धवलेरी होती गं. सुट्टीत घरी गेले की ती गायची, आणि मला मैत्रिणींसमोर लाज वाटायची."

आई केव्हाच गेली होती. पण मावशी पाड्यावर अजून गात होती. त्या नाटकानंतर जानकी रविवारी रविवारी मावशीकडे जाऊ लागली, सोमवारी स्टाफरूममध्ये एखादी ओळ गुणगुणू लागली. मनीषाचं, तिच्या लेकीचं, लग्न पाड्यावरच करायचं, मावशीच धवलेरी आणि मागे आपण गायचं, असं तिनं ठरवून टाकलं. लग्न ठरलं, आणि त्याच सुमारास तिचं दुखणं निघालं.

लग्न पुढे ढकलू म्हणून सगळ्यांनी समजावलं. तिनं ऐकलं नाही. तिच्या माणसांनी मांडवात असावं, म्हणून लग्नाच्या दिवशी दवाखान्यात तिच्यापाशी मी थांबले. दुपारी किसननं मांडवातून फोन लावला. मी मोबाइल तिच्या कानाशी धरला. मावशीचा आवाज मलाही ऐकू आला, "बाय, ऐकतंस ना गो?" मग गाणं सुरू झालं. जानकीनं डोळे मिटले, ओठ हलू लागले, आणि फोन तुटला. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. खिडकीपाशी जाऊन लावला, जिन्यात जाऊन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर... संपर्क क्षेत्राबाहेर...

"राहू दे," ती म्हणाली. "तिथं गातायत ना. झालं तर मग."

परवा किसनकडे गेले. आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि तशीच थांबले. एक भिंत गेरूनं सारवलेली, तिच्यावर तांदळाच्या पिठानं काढलेला लग्नाचा चौक, वारली लग्नात भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र. चारी कडांची नक्षी बारीक, सुबक. मध्ये जिथं देवी काढायची, तिथं नुसता गेरू. शेवटचं दवाखान्यात जाण्याआधी ती थोडं थोडं काढत बसायची, किसन म्हणाला. मनीषा पूर्ण करायला बसली होती, पण तिचा हात चालला नाही.

खाली लूम सुरू होते. सगळं घर थरथरत होतं, आणि त्या थरथरीनं पीठ कणाकणानं सुटत होतं. एका कडेची नक्षी जवळजवळ गेली होती. मालकाला सांगून बघितलं, किसन म्हणाला, पण तो तरी लूम किती दिवस बंद ठेवणार...

मी बोट पुढं केलं आणि मागे घेतलं. हात लावला असता तर आणखी झडलं असतं.