खाटेखालची सतरंजी

कुमुद गेल्याची बातमी मला साहेबांच्या तोंडून कळली, आणि या एका गोष्टीसाठीसुद्धा मी त्यांना माफ करणार नाही. कॉलेजच्या ऑफिसात फोन आलाय म्हणून शिपाई बोलवायला आला. पलीकडून तोच सावकाश, खर्जातला आवाज. "विमलबाई, वाईट बातमी आहे. आपली कुमुद गेली." आपली! ज्यांनी तिला स्वतःच्या विभागात कधी बसायला खुर्ची दिली नाही, त्यांची ती मेल्याबरोबर आपली झाली. कावीळ आहे, उतरेल, असं ती आदल्या रविवारीच मला म्हणाली होती... मी फोन ठेवला. रडू नंतर आलं, आधी संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही. पुरवणीच्या संपादकांनी तिच्यावर चार शब्द लिहायला सांगितले आहेत. चांगले आहेत ते तिच्यासाठी. बाकीचे ज्यांच्यासाठी आहेत त्यांना बरोबर कळतील, म्हणून नाव लिहीत नाही.

कुमुद नरखेडकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. धंतोलीत एका खोलीत राहून आम्ही दोघी मानसशास्त्रात एम.ए. झालो. मी कॉलेजात शिकवायला लागले आणि ती शहरातल्या एका इस्पितळात मुलांच्या वॉर्डात लागली. सत्तर सालच्या आसपासची ही गोष्ट. बालमानसशास्त्र म्हणजे काय हे तेव्हा नागपुरात समजावून सांगावं लागे. तिची नेमणूकसुद्धा समाजसेविका म्हणूनच झाली होती. बंगलोरला या विषयाचं वर्षभराचं प्रशिक्षण मिळे. ते केलं की पद, संशोधनाला पैसा, बसायला खोली, सगळं मिळणार होतं. पण त्यासाठी विभागप्रमुखांनी नाव सुचवायला हवं, आणि वर्षाला एकच नाव जाई. विभागप्रमुख म्हणजे साहेब. कुमुदला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं. चांगली चांगली स्थळं तिनं त्या बंगलोरपायी परत पाठवली.

त्या काळी आयांना वॉर्डात राहू देत नसत. संध्याकाळी भेटायला यायचं आणि घंटा झाली की निघायचं. आई दिसेनाशी झाली की खेड्यांतून आलेली पोरं खाटेखाली शिरत, आणि सिस्टरनं कितीही चुचकारलं तरी बाहेर येत नसत. कुमुदला कुठं खोली होती, टेबल होतं? एक दिवस ती पदर खोचून सरळ खाटेखाली शिरली. मग घरून लाल-निळ्या पट्ट्यांची सतरंजी घेऊन आली. पोराशेजारी आडवं पडायचं, दोघांनी मिळून खाटेच्या लोखंडी पट्ट्या बघत राहायचं आणि काही म्हणजे काही विचारायचं नाही. थोड्या वेळानं पोरच बोलायला लागे. मोठ्यांना वाटतं तेवढी सुईची भीती त्यांना नसे. आपल्या आईनं आपल्याला इथं कायमचं देऊन टाकलंय, ही भीती. "मायनं मले इकलं का वं बाई?" असं एका मुलीनं तिला विचारलं होतं. ते मला सांगताना कुमुदचा घास हातातच राहिला...

यावरच तिचं संशोधन उभं राहिलं. मुलं केव्हा बोलतात, केव्हा जेवतात, आई परत कधी येणार हे खरं खरं सांगितलं तर काय फरक पडतो. साहेबांना यातलं काही दिसत नसे, कारण त्यांच्या राउंडच्या आधी वॉर्डातल्या चादरी ताणून डॉक्टर-सिस्टर सोडून सगळ्यांना बाहेर काढत. सतरंजी कपाटामागं जाई आणि कुमुद व्हरांड्यात. आपल्या निबंधातही तिनं खाटेचा उल्लेख केला नाही. "हासतीन वं ते," म्हणाली. मुलांशी बोलून माहिती मिळवली, एवढंच लिहिलं आणि निबंध साहेबांकडे वाचायला दिला.

तो परत आलाच नाही. नागपुरात डॉक्टरांची परिषद भरली तेव्हा साहेबांनी तो स्वतःच्या नावानं वाचला. कुमुदला दारात बिल्ले वाटायला उभं केलं होतं आणि मी तिच्या शेजारी होते. पुढच्या रांगेत बंगलोरच्या प्रशिक्षणाच्या प्रमुख, पिकल्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, घाबरलेली मुलं तुमच्याशी इतकं बोलली कशी? "समोर खुर्चीवर बसवतो आणि प्रेमानं विचारतो," साहेब म्हणाले. बाई म्हणाल्या, मला बघायचंय, उद्या सकाळी वॉर्डात येते.

मी कुमुदला म्हटलं, उद्या तू पुढं हो, तुझं बंगलोर पक्कं झालं समज. ती उरलेले बिल्ले डब्यात भरत होती.

"मी उद्या सुट्टीवर आहो."

"काहून? येडी झाली का तू?"

"मी गेली तं त्याईचं निभून जाते. नाही गेली तं त्याईले एकट्याले करा लागते." आणि ती हसली. तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला फार आवडलं ते हसू.

मी मात्र गेले. साहेब कडक इस्त्रीच्या कोटात, मागं पाहुण्यांचा घोळका. एका लहान मुलीला खुर्चीवर बसवलं. "बाळ, तुला कशाची भीती वाटते?" मुलगी खुर्चीवरून उतरली आणि खाटेखाली गेली. पळाली असं साहेबांना वाटलं. त्यांनी सिस्टरला तिला बाहेर काढायला सांगितलं. ती पळाली नव्हती. बोलायचं ते खाटेखाली, एवढंच तिला माहीत होतं. सरकून तिनं शेजारी जागा केली, साहेबांची पॅन्ट ओढली आणि म्हणाली, "ये ना गा खाली." साहेब उभेच. "बाई येते ना. तू काहून नाही येत?" पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. ती काय म्हणतेय, असं बंगलोरच्या बाईंनी मला विचारलं. मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला, आणि खाटेखाली येणारी ती बाई कोण हेही सांगितलं. चांगलं मोठ्यानं सांगितलं.

महिन्याभरात बंगलोरहून कुमुदला बोलावणं आलं. साहेबांनी सोडलं नाही. वॉर्डाला तिची गरज आहे म्हणे. पुढच्या वर्षीही गरज होती, त्याच्या पुढच्या वर्षीही. वयाची अट उलटून गेली आणि गरज एकदम संपली. तिची बदली कचेरीत झाली. मग ती रविवारी घरी तरुण मुलींना हेच काम शिकवू लागली. त्यांच्याजवळ कसलंही प्रमाणपत्र नाही, पण खाटेखाली शिरायला त्या लाजत नाहीत. त्या सुट्टीचा पस्तावा होतो का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. "बंगलोर गेलं याचं दुःख हाये वं. सुट्टीचं नाही." मलाही नाही.

शोकसभेत साहेब उभे राहिले. आता निवृत्त आहेत, गुडघे धरलेत, पण आवाज तोच. "कुमुदला मी घडवलं," म्हणाले. त्याच जुन्या वॉर्डात बालमानसशास्त्राचा प्रशिक्षण वर्ग सुरू होतोय, आणि नाव त्यांचं लागणार आहे. तिथं काचेच्या कपाटात ठेवायला कुमुदची सतरंजी हवी, असं त्यांनी भर सभेत मला सांगितलं. मी देते म्हटलं.

कुमुदनं माझ्याकडे ठेवलेली ती सतरंजी माझ्या दाराआड गुंडाळून उभी आहे. तिला अजून फिनेलचा वास येतो, म्हणून मी ती धुतलेली नाही. उद्घाटनाला मी ती घेऊन जाणार आहे. पण कपाटात नाही. फीत कापून झाली, टाळ्या झाल्या, की मी ती एका खाटेखाली अंथरीन, स्वतः आत शिरेन, सरकून शेजारी जागा करीन आणि सगळ्यांच्या देखत म्हणेन, "साहेब, या ना खाली." त्यांचे गुडघे दुखतात, मला ठाऊक आहे. मला घाई नाही, मी थांबेन.