एकादशीचं अमेरिकन रताळं

एकादशीच्या दिवशी मी माझ्या आईला उकळलेलं डुकराचं कातडं खाऊ घातलं. तेही आग्रह करून.

दोन हजार पाच-सहा साल असेल. आम्ही न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहायचो आणि मी तिथल्याच ‘ते रापा’ नावाच्या उपनगरात एका इंजिनिअरिंग फर्ममध्ये कामाला होतो. आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. माझ्या टीममधल्या एका अमेरिकन बाईने त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण घरी ठेवला, गुरुवारी इथे सुट्टी कोण देणार म्हणून शनिवारी, आणि आईला आणायचंच असं बजावलं. नेमकी एकादशी. बायकोची हॉस्पिटलात शिफ्ट होती, नाहीतर तिने आधी सगळं विचारून घेतलं असतं आणि पुढचं काही घडलंच नसतं. आई म्हणाली, येते, पण एक केळं खाईन आणि माझ्या बाटलीतलं पाणी पिईन.

अमेरिकन जेवणाबद्दलचं माझं ज्ञान तोवर बर्गरपुरतं होतं. टेबल बघून मी हबकलोच. जेवायला आम्ही चौघं, आणि मधोमध टर्की केवढा, तर बारशाच्या पाळण्यात जेमतेम मावेल एवढा. त्याच्या पोटात पाव भरलेला. चहा होता, पण बर्फ घातलेला, आणि ग्लास जरा खाली गेला की बाई न विचारता पुन्हा काठोकाठ भरायची. टर्कीच्या शेजारी, त्याच ताटात वाढायला म्हणून, काचेच्या भांड्यात कुमरा, म्हणजे आपलं रताळं. लोणी, ब्राऊन शुगर, दालचिनी घालून घोटलेलं, आणि वर मार्शमेलोचा जाड थर, ओव्हनमध्ये खरपूस भाजलेला. मी दोनदा वाकून बघितलं. बाईचा किवी, म्हणजे इथलाच न्यूझीलंडचा, नवरा माझ्या कानाशी लागला. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण मांसाशेजारी पुडिंग वाढून घेणारी ही माणसं त्याला अजून समजलेली नव्हती.

आईला मात्र काहीच वाटलं नाही. गोड पानातच हवं, म्हणाली, श्रीखंड आपण काय हात धुऊन झाल्यावर खातो का? अमेरिकेबद्दलचं तिचं मत त्या क्षणी एकदम सुधारलं. मग भांड्याकडे बघत तिने विचारलं, "यात काय काय आहे रे?"

मी ठासून सांगितलं, रताळं, लोणी, साखर, दालचिनी. वरचं पांढरं? तीही साखरच, फुगवलेली. वेलदोडा चालतो तर दालचिनीही चालेल, हे तिने स्वतःच ठरवलं. ती थोडंसंच म्हणत होती, पण मी "अगं, सगळं उपासाचंच आहे" म्हणत बशी भरून दिली.

ती खाऊ लागली तशी बाई खुलली. हे मार्शमेलो तिच्या आईने खास अमेरिकेहून पार्सल केले होते, इथले तिला चालत नाहीत. नवऱ्याला बायकोला चिडवायची संधी हवीच होती.

"डुकराचं कातडं उकळून त्यात साखर घालतात," तो मला म्हणाला, "आणि ते अर्ध्या जगाला वळसा घालून मागवतात."

मी हसलो. थट्टाच ती. पण बाई शांतपणे म्हणाली, हो, मार्शमेलोतलं जिलेटिन त्याचंच असतं.

माझा चमचा तोंडाशी आलेला तिथेच राहिला. आईची बशी अर्धी झाली होती. तिला त्यांचे इंग्रजी उच्चार कळत नसत. म्हणाली, "काय म्हणतायत ते?"

खरं सांगितलं तर आई ताडकन उठून बेसिनपाशी जाणार, आणि दोन दिवस खपून मांडलेला त्या बाईचा सण तिथेच संपणार, एवढं मला दिसलं. मी म्हणालो, "त्यांना वाटतंय, गोड जरा जास्त झालंय."

आईला बाईची दया आली. "छे, अगदी बेताचं आहे, सांग तिला." एवढं म्हणून तिने बशीतलं संपवलं आणि सांगण्यावर भागेना म्हणून बशी पुढे केली. बाईने भरभरून वाढलं, वरचा थर जरा जास्तच. आईने तेही चाटूनपुसून खाल्लं. मी बघत बसलो. 

परतताना गाडीत आई कृती विचारू लागली. पुण्याला गेल्यावर पुढच्या एकादशीला भजनी मंडळातल्या सगळ्या बायकांना हे करून घालायचं, ती पांढरी साखर तेवढी मी इथून पाठवायची, असं तिने ठरवूनही टाकलं होतं. मग मात्र इलाज उरला नाही. गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगून टाकलं.

 तिने एकच विचारलं, तुला कळलं केव्हा? मी सांगितलं, तुझी पहिली बशी अर्धी झाली होती तेव्हा.

"त्या अर्ध्या बशीचं मी सांगेन देवाला, ठाऊक नव्हतं म्हणून," ती म्हणाली. "बाकीच्या दीड बशीचं तू सांग. चाळिशी आली तुझी, आणि आईपेक्षा परक्या बाईची भीड जास्त."