कानामागची तीट

मोताळ्याला मी राहते त्या भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी एका बोळात उघडते. बोळ म्हणजे दोन घरांमधली हातभर फट. तिचं एक तोंड भिंतीनं बंद झालेलं, दुसऱ्या तोंडाशी शेजाऱ्यांनी कापसाची वाळकी पऱ्हाटी रचून ठेवलेली. माणूस आत शिरेल अशी सोय नाही. समोर शेजारच्या घराची लाकडी दारांची खिडकी आहे. राहायला आल्यावर तीन वर्षं ती मला कायम बंदच दिसली. त्या घरच्या मावशींना मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. त्या खोलीत गुरांसाठी सोयाबीनचं कुटार, भुसा भरलाय, कोणी राहत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

मी इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आई मेहकरला भावाकडे असते. इथे मी आणि एक पांढरं मांजर. प्रयोगशाळेच्या ओट्याखाली ते पिल्लू असताना सापडलं, मी पिशवीत घालून आणलं. त्याला नाव कधी ठेवलं नाही. ‘ए’ म्हटलं तरी येतं.

पहाटे उठून पोळ्या लाटता लाटता त्या दिवशीचा पाठ मी मोठ्यानं म्हणून घेते. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गात शब्द विसरायचे, तेव्हापासूनची ही सवय. समोर मुलं बसली आहेत असं धरून बोलते, मध्येच थांबून ‘समजलं का? पुढं जाऊ?’ असंही विचारते. मांजर खिडकीच्या कट्ट्यावर बसून ऐकतं. आठला प्रात्यक्षिक असतं. रोहिणखेडकडची बस उशिरा आली तर निम्मी मुलं धावतपळत येतात आणि ब्युरेटची काचनळी धुवायच्या आधीच तिच्यावरचे आकडे लिहायला लागतात. मग दोन तास, हजेरी, मूल्यांकनाच्या फायली. घरी यायला पाच वाजतात.

सप्टेंबर संपत आला होता. एका संध्याकाळी मांजर मांडीवर आलं तेव्हा त्याच्या डाव्या कानामागे काळा ठिपका दिसला. गोचीड असेल म्हणून चिमटीत धरायला गेले तर बोट काळं झालं. मी साबण लावलेल्या फडक्यानं घासून काढलं. दुसऱ्या दिवशी ठिपका पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशीही. तेवढाच मोठा, तसाच गोल. लहान बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आई कानामागे तीट लावते ना, अगदी तशी.

गल्लीतल्या पोरांचा खेळ असेल असं मी मनाला सांगितलं. चौथ्या दिवशी मांजराला घरात ठेवलं, पुढचं-मागचं दार कुलूप लावून बंद केलं आणि स्वयंपाकघराची खिडकी तेवढी हवेसाठी उघडी ठेवली. तिला गज आहेत, त्यातून मांजर बाहेर पडू शकत नाही. संध्याकाळी कुलूप काढून आत गेले. मांजर कट्ट्यावर झोपलेलं होतं. कानामागे तीट होती, ओली.

मी घरभर फिरले. कपाटं उघडली, पलंगाखाली पाहिलं. कुठे काही हललेलं नव्हतं. तो काळा डाग कापसावर टिपून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेला. पाण्यानं जाईना, स्पिरिटनं पसरला. काजळी आणि तेल. घरी पाडलेलं काजळ होतं ते. विकतच्या डबीतलं असतं तर का कोण जाणे, मला बरं वाटलं असतं.

कॉलेजात कोणाला काही बोलले नाही. एकटी राहणारी बाई असलं काही सांगायला लागली की लोक कसे बघतात ते मला ठाऊक आहे. त्या शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. एक वाजता घरी आले, दार आवाज न करता उघडलं, चपला हातात घेतल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. उन्हं तापली होती, बाहेर चिटपाखरू नव्हतं. मांजर कट्ट्यावर, पाठ माझ्याकडे करून, ताठ बसलेलं.

थोड्या वेळानं मला माझा पाठ ऐकू आला.

आवाज बाईचा होता, बारीक, खोलीत कोणी झोपलेलं असताना बोलावं तसा. शब्द मात्र माझे होते. सकाळी पोळ्या लाटताना मी जे बोलले होते तेच, त्याच क्रमानं. जिथे मी अडले होते तिथे तो आवाजही अडला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, “समजलं का? पुढं जाऊ?”

चपला खाली पडतील म्हणून मी त्या पोटाशी धरल्या. समोरच्या खिडकीचं एक दार आतून सरकलं. अंधारातून एक हात बाहेर आला, बांगडी नसलेला, उन्हाचा स्पर्श नसलेला पांढुरका हात. बोळ ओलांडून तो माझ्या गजांतून आत आला. मांजरानं आपणहून मान वाकवली. अनामिकेच्या टोकानं कानामागे काजळ टेकवलं, क्षणभर डोकं कुरवाळलं आणि हात मागे गेला. खिडकी मिटली.

मी चपला पायात घातल्या. मग बाहेर पडले आणि मावशींच्या ओसरीवर जाऊन बसले. त्या कापसाच्या वाती करत होत्या. मी पाहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी हातातली वात खाली ठेवली. कुटाराची गोष्ट पुन्हा सांगितली नाही.

ती त्यांची मुलगी होती. बारावी सायन्स झाल्यावर लग्न करून दिलं. बाळ झालं आणि पाच महिन्यांचं असताना वारलं. चार वर्षांपूर्वी तिला माहेरी आणलं, तेव्हापासून ती त्या खोलीत. कडी आतून असते, बाहेरून कोणी लावत नाही, हे मावशींनी मला दोनदा सांगितलं. डॉक्टरांची औषधं चालू होती. ‘मी इथे नाही असंच सर्वांना सांगा,’ हा तिचाच हट्ट.

“बाळ गेल्यापासून तिनं जित्या जिवाले हात लावला नाही, मॅडम,” त्या म्हणाल्या. “मलेबी नाही. तुमच्या मांजराले खरंच लावते का?”

मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, “मले पाहू द्याल का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना माझ्या दाराआड उभं केलं. पुन्हा तो आवाज, पुन्हा तो हात. मावशींनी तोंडात पदर कोंबला होता. हात मागे गेल्यावर त्या तिथेच खाली बसल्या. मी पाणी दिलं. त्या फक्त इतकंच म्हणाल्या की हातावरचा भाजल्याचा डाग अजून तसाच आहे.

तिचं बोलणं मी ऐकलंय हे तिला सांगावं की नाही, यावर चार-पाच दिवस गेले. मावशींनी डॉक्टरांना विचारून घेतलं. मग एका रविवारी दुपारी मी उघडपणे कट्ट्याशी उभी राहिले. हात आला नाही. बऱ्याच वेळानं बंद दारामागून आवाज आला.

“परवा तुम्ही इलेक्ट्रॉनच्या जोडीचा बाण हायड्रोजनापासून ऑक्सिजनाकडं सांगतला. मांगच्या वर्षी ऑक्सिजनापासून सांगतला होता.”

मी वही काढून पाहिली. मागच्या वर्षीचं बरोबर होतं. परवा वर्गातही मी चुकीचंच सांगून आले होते. तीन वर्षं माझा शब्दन् शब्द कोणीतरी भिंतीपलीकडे साठवत होतं. आईशी फोनवर केलेली भांडणं, एकटीनं रडलेलं, मांजराशी केलेली बडबड, तेही सगळं तिथे असणारच. तरी मी एवढंच म्हणाले, “बरोबर आहे. उद्या वर्गात सुधारते.”

“हाव,” ती म्हणाली.

सोमवारी मी फळ्यावर बाण पुसून नव्यानं काढला.

दिवाळीच्या सुट्टीत मी मांजराला टोपलीत घालून मेहकरला घेऊन गेले. परत आल्यावर मावशी दारातच भेटल्या. पोरगी आठ दिवस जेवली नव्हती. मी मांजर तसंच कट्ट्यावर नेऊन ठेवलं. समोरचं दार अर्ध्या तासानं उघडलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा, हाताच्या मागे, मला तिचा चेहरा दिसला. माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“कुठं नेलं होतं त्याले?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं मांजराला दोन्ही कानांमागे तीट लावली.

आता गावाला जायचं झालं की मी आदल्या दिवशी खिडकीशी उभी राहून कोणत्या वारी परत येणार ते सांगते, आणि मांजर मावशींकडे ठेवून जाते. उत्तर येतंच असं नाही. खिडकीचं दार हल्ली दुपारभर उघडं असतं. त्यातून आत पाहायचं मी टाळते.