सेजलचं पाटीपूजन

जानकीबाईचा डावा कान तिच्या नवऱ्याने घालवला होता. चांगू दारू प्यायला की हाताला लागेल त्याने मारायचा. एकदा कानशिलात अशी बसली की रक्त गळ्यापर्यंत ओघळलं आणि त्या बाजूचं ऐकू येणं कायमचं बंद झालं. चांगू गेला तेव्हा ती चारचौघींसारखी रडली, आणि मग कित्येक वर्षांनी निवांत झोपली.

पुढे मुंबईत टेम्पो चालवणारा मुलगा राजेश गावी परतला, तोही बापाच्याच वळणावर. सून अनुपमा सुजलेलं तोंड घेऊन चुलीपाशी यायची, तेव्हा जानकीबाई म्हणायची, "सोस गो. माझा पन असाच व्हता."

पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. यंदा नात सेजल पहिलीत जायची होती. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ओटीवर पाट मांडला, परातीत तांदूळ पसरले, नव्या पाटीला हळदकुंकू वाहिलं. अनुपमाचा भाऊ सुहास शिवथरहून मुद्दाम आला होता. राजेशची वाट बघून बघून दुपार झाली, तेव्हा मामानेच भाचीचं बोट धरून तांदळात 'श्री' काढायला घेतला. तेवढ्यात राजेश पायऱ्या चढून आला. डोळे तांबारलेले.

"माझ्या पोरीचा हात ह्यानं का धरला? बाप मेलाय काय तिचा?"

"तुमचीच वाट बघत व्हतो सकाळपासून," अनुपमा म्हणाली.

त्याने परात लाथेने उडवली. सुहास मधे पडला, तर त्याला ओटीवरून खाली ढकललं. तो दगडावर आपटला आणि पाय धरून विव्हळत राहिला. मग राजेशने अनुपमाचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. कपाळ फुटलं. सेजल धावली आणि बापाच्या पोटरीला कडकडून चावली. त्याने शिवी हासडून पाटी उचलली आणि पोरीच्या डोक्यावर उगारली.

जानकीबाईने चुलीजवळचं ऐनाचं लाकूड कधी उचललं, ते तिलाही कळलं नाही. पहिला घाव त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला उजव्या कानाने स्वच्छ ऐकू आला. तो खाली बसला तरी ती थांबली नाही. पाठीवर, खांद्यावर, मांडीवर मारत सुटली. "आये, मेलो गो!" तो ओरडत होता. कोणाला मारतेय, चांगूला की राजेशला, याचं तिला भान नव्हतं. शेजारचा भागोजी धावत आला आणि त्याने मागून कव घातली, तेव्हा कुठे लाकूड हातातून सुटलं.

"म्हातारे, पोटचा पोर हाय तुझा!"

"म्हायती हाय," ती धापा टाकत म्हणाली. "रिक्षा बोलव. आधी सुनेला न् तिच्या भावाला ने."

पोलीस ठाण्यात भागोजी म्हणत होता, घरातलं भांडण, मिटवून टाकू. जानकीबाईने त्याला गप्प केलं. "त्यानं सुनेला मारली, मी त्याला मारला. दोनी लिवा, सायब."

दुसऱ्या दिवशी अनुपमाच्या कपाळाला टाके होते, तरी तिने सेजलला शाळेत नेऊन बसवलं. जानकीबाई एकटी महाडला गेली. इस्पितळात राजेश प्लास्टर घातलेला हात छातीवर घेऊन पडला होता, शेजारी पोलीस बसलेला. आईला बघताच त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने भाकरीचा डबा खाटेखाली सरकवला.

"घरी यायचा नाय आता," ती म्हणाली. "भाकरी मी आनीन हितं."

बाहेर येऊन ती एस.टी.च्या थांब्यावर बसली, आणि पदर तोंडात कोंबून रडली.